हळदोण्याचा बँडमास्तर
(लेखमाला : सूर सातासमुद्रांचे – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात लायनेल हॅम्प्टनची गोष्ट सांगितली. शिकागोत वर्तमानपत्र विकणाऱ्या पोरांच्या बँडमध्ये ढोल बडवणारा मुलगा. १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओत ठेवलेल्या व्हायब्राफोनवर तो हात चालवून पाहतो, आणि धातूच्या पट्ट्यांचं हे नवखं वाद्य जॅझमध्ये येऊन बसतं. दहा वर्षांनी, १९४० मध्ये, त्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा राहतो. असा बँडमास्तर आपल्याकडे कोणी झाला का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. झाला. त्याचं वाद्य ट्रंपेट होतं, पण वाट तीच.

अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ चा, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. जगानं त्यांना ओळखलं ते चिक चॉकलेट या नावानं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात गावच्या चर्चला जोडून शाळा असे. तिथला मास्तर पोरांना चर्चमध्ये गाण्यासाठी तयार करी, व्हायोलिन हातात देई आणि त्याआधी नोटेशन वाचायला शिकवी. पाच रेघांवरचे ठिपके बघून सूर गळ्यातून काढता आला पाहिजे, मग वाद्य. या शिक्षणाला पैसे पडत नसत. त्यामुळे शेतकऱ्याच्या, खलाशाच्या घरातला मुलगाही अक्षरओळखीबरोबरच सूर वाचू लागे. चिक अशाच शाळेतून तयार झाले.

गोव्यात पोट भरण्याची साधनं मोजकी. म्हणून हे वादक मुंबईला, कलकत्त्याला, रंगूनला, आगबोटींवर आणि संस्थानिकांच्या पदरी जात. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या एकेका गावाचे ‘कूड’ असत. तिथे थोडक्या पैशांत पथारी टाकायची आणि काम शोधायचं. मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यापुढे बसून वाजवायचं कामही मिळे. १९३१ मध्ये बोलपट आला आणि ते गेलं.

पण त्याच दशकात दुसरं दार उघडलं. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या वादकांनी जॅझ ऐकला तो असा, तबकड्यांवर आणि प्रत्यक्षातही. नोटेशन त्यांना येत होतंच. कागदावर न मावणारा झोल, सूर किंचित मागे रेंगाळवण्याची ढब आणि आयत्या वेळी सुचलेलं वाजवण्याची हिंमत त्यांनी इथून उचलली.

चिक यांचं दैवत लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्यासारखंच ट्रंपेट, तसाच घोगरा आवाज, हातात तसाच रुमाल. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मात्र नुसत्या नकलेवर बँड चालत नाही. बँडमास्तराला वादक निवडावे लागतात, प्रत्येकाचा भाग वेगळा लिहून द्यावा लागतो, हॉटेलवाल्याशी पैशांचं बोलावं लागतं आणि रात्री उशिरापर्यंत नाचणाऱ्यांचे पाय हलते ठेवावे लागतात. चिक यांनी हे सगळं निभावलं आणि चाळिशीच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत त्यांच्या बँडनं नाव काढलं.

१९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईच्या हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या. तोवर अनेक वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओत पाय रोवले होते. चिक यांची गाठ पडली ती पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा यांच्याशी. अण्णांचं शिक्षण शास्त्रीय गाण्याचं, काही काळ आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेलं. अण्णा चाल गाऊन दाखवत. चिक यांच्यासारखा सहायक ती नोटेशनमध्ये उतरवी, इंट्रो आणि कडव्यांमधलं म्युझिक बांधी आणि प्रत्येक वादकापुढे कागद ठेवी. सारेगम आणि पाच रेघा यांची अशी सोयरीक जुळली. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांच्या संगीतात तिचा ठसा उमटला आहे. ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला तर चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलं.

‘अलबेला’ आपल्याला परका नाही. त्याचे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा अमरावतीत जन्मलेले. त्यांच्या नाचाची ढब गणपतीच्या मिरवणुकीत आणि नवरदेवाच्या वरातीत अजून दिसते. याच चित्रपटात चिक आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांवर नाचणाऱ्या पिढ्यांना भगवानदादा ठाऊक, अण्णा ठाऊक, लताबाई ठाऊक. चिक चॉकलेट हे नाव फार थोड्यांना ठाऊक, कारण तबकडीवर वादकाचं नाव छापायची रीतच नव्हती. १९६७ च्या मे महिन्यात, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते वारले.

हिवरखेडच्या परिसरात लग्नसराईत वाजणाऱ्या बँड पार्ट्यांमध्ये गुणी पोरांची वाण नाही. नवं गाणं मोबाइलवर ऐकून ते संध्याकाळी क्लॅरिनेटवर काढतात. कान तयार आहे, पण पुढ्यात नोटेशनचा कागद आला की अडतं. म्हणून स्टुडिओ, पोलीस बँड, लष्करी बँड अशा ठिकाणी त्यांचा शिरकाव अवघड होतो. हळदोण्याच्या पोराजवळ प्रतिभा होतीच, पण ताजपर्यंत आणि स्टुडिओपर्यंतची वाट सोपी केली ती गावातल्या फुकट संगीतशाळेनं. आपल्या गावात डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, त्यातला थोडा बाजूला काढून आठवड्यातून दोन संध्याकाळी नोटेशनचा वर्ग चालवता येईल. शाळेची एक खोली आणि एक जाणता मास्तर, एवढंच लागेल. ग्रामपंचायतीनं आणि गणेश मंडळांनी हे मनावर घ्यावं.

(पुढील लेखांकात : मुंबईच्या स्टुडिओतलं लॉर्ड कुटुंब – तालवादक कावस, अकॉर्डियनवाले केरसी आणि व्हायब्राफोनवाले बुजी.)