कार्डं छापायला आलेली माणसं

लक्ष्मीपुरीतला तो छापखाना मार्चअखेरीस बंद झाला. तो चालवणाऱ्या काकांचं वय झालं, मुलगा पुण्यात नोकरीला, आणि लग्नपत्रिकासुद्धा आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र ते फार लागलं. कोल्हापुरात राहून, कुणाची नोकरी न करता, वेबसाइटी करून पोट भरता येतं हे मला त्या छापखान्याच्या काउंटरवर कळलं. आज या कामात उतरणारी मुलं भेटली की एकच प्रश्न विचारतात: पहिला क्लायंट आणायचा कुठून? माझं उत्तर तयार असायचं. त्यातलं निम्मं आता उपयोगाचं राहिलेलं नाही.

त्याआधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. आमच्यापर्यंत ते पोचलं सायबर कॅफेतून, तासाच्या भाड्यानं. मी एचटीएमएल शिकले, क्लासात शिकवलं. 2014 नंतरची बरीच वर्षंही तशीच सपाट गेली. वर्डप्रेसच्या तयार थीम, त्यातच थोडे रंग इकडचे तिकडे. मन रमतं ते मधल्या दहा वर्षांत, साधारण 2004 ते 2013.

ऑइल इंजिनांवर मोठ्या झालेल्या शिवाजी उद्यमनगरातल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री तेव्हा गाड्यांचे, पंपांचे सुटे भाग ओतत होत्या. काहींना परदेशी गिऱ्हाइकाची चाहूल लागली होती. मालक बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या प्रदर्शनाला निघाले की आठवडाभर आधी कार्डं छापायला यायचे. काका प्रूफ समोर ठेवायचे आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून थांबायचे.

"साहेब, कंपनी आयएसओवाली आणि ईमेल रेडिफमेलचा? जर्मनीचा माणूस चौकशी पाठवंल का ह्याच्यावर? ही बसलीय बघा, कंपनीच्या नावाचा पत्ता करून देती."

एवढंच. मालक आधी डोमेन घ्यायचे, कारण कार्ड अडलेलं असायचं. डोमेन घेतलं की कुणीतरी ते उघडून बघणार, मग तिथं काही दिसायला नको का? असं करत पाच पानांची वेबसाइट ठरायची. जाहिरात नाही, ओळखपाळख नाही. धंद्याला वेबसाइटची गरज पहिल्यांदा जिथं जाणवते, त्या जागेवर मी बसलेली होते, आणि माझ्यासाठी शब्द टाकणारं माणूस तिथं होतं. काकांनी त्याबद्दल कधी कमिशन घेतलं नाही. "माझी कार्डं वाढत्यात की," म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जायची. केबिनमध्ये हमखास विचारायचे, "मागनं सर येणार आहेत का?" सर कुणी नव्हते. मग मी पॅटर्न शॉपपासून फेटलिंगपर्यंत सगळं फिरून बघायची आणि विचारायची: सगळ्यात लहान कास्टिंग किती किलोचं, मोठं किती, मोल्डिंग बॉक्सचं माप काय, एफजी 260 करता की एसजी आयर्नही, भट्टी क्युपोला की इंडक्शन, मशीनशॉप तुमचंच का? पाचव्या प्रश्नाला मालकांचा चेहरा बदलायचा. पांढऱ्या कार्डशीटवर कास्टिंग ठेवून, दाराच्या उजेडात फोटो काढायचे. काळा भाग पांढऱ्या कागदावर नीट यायचा नाही. मग खाली राखाडी कागद घालायला शिकले. ती वेबसाइट बघून चौकशी आली की मालक शेजारच्या गाळ्यात जाऊन सांगायचे, आणि पुढचं काम तिथून यायचं. माझी खरी विक्री मी केलीच नाही, ती या मंडळींनी चहाच्या टपरीवर उभं राहून केली.

दुसरा रस्ता मराठीचा. पतसंस्था, वाचनालयं, शाळा यांना मराठीतून वेबसाइट हवी असायची आणि मजकूर यायचा श्रीलिपीत टाइप केलेला. तो तसाच पानावर टाकला की फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग दिसायची. युनिकोडमध्ये आणावा, तर विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. मी संस्थेत जाऊन ती सोय मॅनेजरच्या, कॅशियरच्या, अध्यक्षांच्या घरच्या संगणकावरही बसवून द्यायची. डिझाइन तेव्हा अनेकांना येत होतं. अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांना त्यांच्याच संस्थेचं नाव पडद्यावर धड वाचता येईल असं करणारं माणूस हवं होतं.

त्या दशकाचा एक हिशेब मात्र माझ्या मनातून जात नाही. एका मोठ्या शहरातली एजन्सी आमच्याकडे माणसं पाठवायची. स्वस्तात वेबसाइट, पण डोमेन एजन्सीच्या नावावर. दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाईक बाहेर पडायला गेलं की सोडायची रक्कम मूळ कामाच्या दुप्पट. उद्यमनगरातल्या किती तरी मालकांनी कार्डं, लेटरहेड, बिलबुकं फाडून नवं नाव घेतलं. त्यांच्यानंतर जो कुणी नवा पोरगा दारात जाई, त्याला आधी शिव्या ऐकाव्या लागत. तसंच "नमुना करून दाखवा, पसंत पडलं तर बघू" म्हणणारे. एका संस्थेनं वेबसाइट करणाऱ्या आम्हा तिघांकडून फुकट नमुने मागवले आणि माझं पहिलं पान अध्यक्षांच्या नातेवाइकाकडून बांधून घेतलं. नव्या माणसाचे पहिले सहा महिने असे खाल्ले जातात आणि मग म्हणतात, हल्लीची मुलं टिकत नाहीत.

पुढची उतरण भराभर झाली. नोव्हेंबर 2011 मध्ये गूगलनं होस्टगेटरच्या साथीनं भारतातल्या छोट्या उद्योगांना पहिल्या वर्षी मोफत वेबसाइट आणि डॉट इन डोमेन द्यायला सुरुवात केली. फुकट मिळतं म्हटल्यावर आठ हजारांचा आकडा उच्चारणं जड झालं. मग फेसबुक पेज, 2016 मध्ये जिओ, 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. सराफापासून चपलांच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा कॅटलॉग फोनमध्ये आला. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात तयार होणाऱ्या वेबसाइटी गूगलनं मार्च 2024 मध्ये बंद केल्या. ज्यांचा पत्ता तेवढाच होता त्यांनी जायचं कुठं, हे सांगायला गावात कुणी बसलेलं नव्हतं.

नव्या मुलांना आता एकच दार दाखवलं जातं: ऑनलाइन बोली. ओडेस्क आणि ईलान्स एकत्र होऊन 2015 मध्ये अपवर्क झालं, आणि 2019 पासून तिथं कामासाठी अर्ज करायला लागणारे कनेक्ट्स 15 सेंटला एक असे विकत घ्यावे लागू लागले. एकेका अर्जाला असे अनेक लागतात. काम मिळण्याआधीच खिशातून पैसे जातात, समोरचा माणूस दिसत नाही, त्याची भट्टी दिसत नाही, आणि स्पर्धा सगळ्या जगाशी. ज्याच्याकडे दाखवायला जुनं काम नाही त्याचा अर्ज कुणी उघडत नाही. आणि जुनं काम यायचं कुठून?

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या क्लायंटच्या मुलानं एआयकडून संध्याकाळभरात वेबसाइट करून घेतली. बघायला देखणी आहे. पहिल्याच पानावर भट्टीचा फोटो आहे, भट्टी त्यांची नाही. हेल्मेट घातलेले कामगार गोरे आहेत. गुणवत्ता, विश्वास, नावीन्य असे शब्द भरपूर आहेत. किती किलोपर्यंतचं कास्टिंग करता, बॉक्सचं माप काय, हे कुठंही नाही. चौकशा कमी झाल्या म्हणून मुलगा आता जाहिरातींवर पैसे घालतो आहे. हे काम बांधण्याचं नव्हतं, विचारण्याचं होतं, हे मी एकटीनं त्या घराला वीस वर्षांत समजावून सांगायला हवं होतं असं मला वाटत नाही. ते आमच्या सगळ्या धंद्यानंच कधी मोठ्यानं सांगितलं नाही. आम्ही पानांवर दर लावत राहिलो.

इचलकरंजीची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. तिला मी बोली लावण्यापासून थांबवलं आणि म्हटलं, नवा धंदा पहिल्यांदा कुठं जातो ते शोध. ती सीएच्या ऑफिसात गेली. तिथं जीएसटी नोंदणीसोबत मोफत वेबसाइट असं पॅकेज भिंतीवर लावलेलं होतं. मग मसाल्याच्या पाकिटांची लेबलं छापणाऱ्याकडे गेली. त्यानं आधी तिला बसूच दिलं नाही. नंतर त्याच्याच लेबलांची चार प्रूफं तिनं शुद्धलेखन तपासून परत नेऊन दिली, तेव्हा त्यानं चटणी-मसाले करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. बाईंचा पहिला प्रश्न हाच, की फेसबुकवर फुकट होतं ना? मुलीनं मसाला कुटायला कधी घेता, मिरची कुठली, गावाबाहेर किती पाकिटं जातात हे विचारून घेतलं आणि 12 हजार सांगितले. निम्मे आगाऊ मागितलेत. डोमेन बाईंच्या नावावर घेणार आहे. सोमवारी उत्तर द्यायचं म्हणाल्यात.