बाळाचे कार्ड

बाळ आजारी नाही, मग त्याला दवाखान्यात कशाला न्यायचे, असे पुष्कळ घरांत विचारतात. बाळ हसते, खेळते, दूध पिते. काही दादी तर म्हणतात, "वजन करू नका, नजर लागेल!"

पण जे डोळ्यांना दिसत नाही, ते वजनकाटा सांगतो. जन्माच्या वेळी ३ किलो असलेले बाळ पाच महिन्यांत साधारण ६ किलोचे आणि वर्षात ९ किलोचे होते. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला वजन करून कार्डावर एक टिंब काढतात. टिंबे जोडली की रेषा तयार होते. रेषा वर चढत असेल, तर बाळाची वाढ चांगली आहे. रेषा आडवी झाली, तर डॉक्टरांना लगेच विचारावे. त्या वेळी बाळ हसतही असेल! ते अशक्त दिसू लागेपर्यंत फार दिवस वाया जातात.

लसींच्या नोंदीही याच कार्डावर असतात. जन्मल्यावर क्षयाची, पोलिओची आणि 'ब' काविळीची लस देतात. नंतर ६, १० व १४ आठवड्यांनी जावे लागते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस असते. टोचल्यावर थोडा ताप येऊ शकतो. त्याला घाबरून पुढची लस चुकवू नये.

आपल्या राज्यात हे कार्ड मराठीत असते. अम्मीला मराठी वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. पुढची तारीख त्यावरच लिहिलेली असते.