पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करापुढे एक कोडे उभे राहिले. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. तेवढ्या काळापुरती काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पावसाळा सरल्यावर पाहावे, तर अनेक काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तडकलेल्या! विशेषतः गोळी जिथे घट्ट आवळलेली असते, त्या तोंडाशी तडा जास्त. हे विशिष्ट ऋतूतच घडते, म्हणून या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. आपण त्याला 'ऋतुतडा' म्हणू.

हे कोडे उलगडण्यासाठी आधी पुंगळीचे काम समजून घेऊ. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी यांना ती एकत्र धरून ठेवते. बार उडताच आतील वायूच्या दाबाने ती फुगते आणि बंदुकीच्या नळीला आतून घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, म्हणजे बार काढणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते आणि सहज बाहेर निघते. म्हणजे धातू ताणला जाणारा हवा आणि थोडा मागे येणाराही हवा. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेत हे दोन्ही गुण साधतात.

अशा पितळेची चकती दाबून आधी वाटी करतात. मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी बनवतात. धातू थंड असताना ठोकला किंवा ओढला, की तो कडक होत जातो. आपला तांबट भांडे ठोकताना ते मधूनमधून भट्टीत तापवतो, ते याचसाठी. तापवल्यावर स्फटिककण नव्याने तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. शेवटच्या ओढीनंतर मात्र पुंगळीत काही ताण अडकून राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

आता पागेकडे वळू. घोड्यांच्या मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात व अमोनिया तयार होतो. दमट हवेत तो पितळेवरील ओलाव्यात विरघळतो आणि हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने तांब्यावर हल्ला चढवतो. हा हल्ला दोन स्फटिककणांमधील सीमेवर होतो आणि आतला ताण ती फट उघडत नेतो. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया असता, तर पुंगळ्या अशा तडकल्या नसत्या. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली हा उलगडा केला. उपायही सोपा निघाला. तयार पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली, की कडकपणा फारसा न घटता ताण निघून जातो.

अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत.) पुंगळ्या निवडताना ते हेच शास्त्र वापरतात. तोंडाशी तडा किंवा बुडाजवळ चकाकती वर्तुळाकार रेघ दिसली, तर ती पुंगळी बाद. कारण तिथे धातू पातळ झालेला असतो. दर वेळी फुगून व पुन्हा दाबली जाऊन मान कडक होते, म्हणून तिचे अनुशीतन करतात. बूड मात्र तापू देत नाहीत. ते मऊ पडले, तर दाब सोसणार नाही आणि नेमबाजाच्या जिवावर बेतेल. पुंगळ्या साफ करायला अमोनियायुक्त द्रावणही टाळतात.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. तांब्याची जाड तार एकाच जागी वाकवा, सरळ करा. ती कडक होत जाईल. तापवून थंड केली, की ती पुन्हा सहज वाकेल. दुसरा प्रयोग हवेशीर जागी शिक्षकांनी स्वतः करावा. परीक्षानळीत अमोनियाचे विरल द्रावण अर्धे भरून त्यात तांब्याची तार टाका आणि बूच लावा. दुसऱ्या दिवशी द्रावण निळे झालेले दिसेल.

मग मुलांना विचारा : बैलाच्या गळ्यातली ओतीव घंटा वर्षानुवर्षे गोठ्यातच असते. ती सहसा अशी का तडकत नाही? 'ओतीव' या शब्दापाशी मुले थांबली, तर उत्तर त्यांना सापडेल.