सालारजंगांचे अजिंठा

छत्रपती संभाजीनगरहून निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या सिल्लोड मागे टाकतात आणि थेट लेण्यांचा घाट गाठतात. ज्या गावाने लेण्यांना नाव दिले, तिथे चहालाही कोणी थांबत नाही. गावाला तट आहे, वेशी आहेत, बारादरी आहे. 1803 मध्ये असईच्या लढाईनंतर वेलस्लीचे जखमी इथेच आणले होते. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो तर इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ.

जागीरदाराची गोष्ट मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. निजामाच्या राज्यात अजिंठा ही सालारजंग घराण्याची जागीर. मालक हैदराबादच्या दिवाण देवडीत, दफ्तर उर्दूत आणि नांगर धरणारे मराठी.

"जागीरदार कुणी पाह्यला, साहेब? लोकांनी पाह्यला तो कारकून," गावातले एक चाचा हसले. जमिनीचे जुने उर्दू कागद ते लोकांना वाचून देतात. ऐंशीकडे झुकलेले, डोळ्यांवर जाड भिंग. कागदांची लिखावट शिकस्ता, म्हणजे अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि नुक्ते बहुतेक गाळलेले. चाचा आधी शिक्का बघतात, मग सन. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन जवळपास हाती लागतो. त्यानंतर बोट सावकाश कुळाच्या नावावर येते. भावकीचे वाद घेऊन लोक पूर्वीही यायचे. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ओट्यावर बसायला जागा उरली नाही. ज्या दफ्तराला आजे घाबरायचे, त्यातच नातू आता आजाचे नाव शोधतात. "पोरं उर्दू शिकतात, पण हे वाचायला कोण शिकतंय?" ही चाचांची तक्रार.

या जागिरीचे शेवटचे मालक, तिसरे सालारजंग, मार्च 1949 मध्ये वारले, तेही अविवाहित. त्याच वर्षी 15 ऑगस्टला जागिरी रद्द करणारा कायदा आला, पुढच्या वर्षी कूळकायदा. सालारजंगांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय 1951 मध्ये हैदराबादेत नेहरूंच्या हस्ते उघडले. तिथला बुरखाधारी रिबेकाचा पुतळा बघायला मराठवाड्यातूनही सहली जातात. त्या वैभवाला या गावाचाही सारा लागला आहे. हे सांगणारी एक पाटी हैदराबादेत नसली तर समजू शकतो. अजिंठ्याच्या वेशीवर ती लावायला कोणाची हरकत आहे?