फाळका पाडून डिझेल वाचत नाही

डिझेलमध्ये दहा टक्के आयसोब्युटॅनॉल मिसळता येईल का, याची चाचपणी पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय करत असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने तोंड पोळलेले वाहनमालक आता ताकही फुंकून पिऊ लागले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखसारख्या ठिकाणी ही धास्ती समजण्यासारखी आहे. इथला आंबा, चिरा, सिमेंट, भाजी, बरेचसे पिकअपच्या हौद्यातूनच फिरते. पण धास्तीचा हिशेब कुणी मांडत नाही. लिटरभर आयसोब्युटॅनॉलमध्ये डिझेलच्या साधारण पाऊणपट ऊर्जा असते. म्हणजे दहा टक्के मिश्रणाने टाकीतली ऊर्जा अडीच टक्क्यांनी घटेल; शंभर किलोमीटरला दहा लिटर पिणाऱ्या गाडीला पाव लिटर जास्त. सील आणि पंपाचे काय होईल हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. ॲव्हरेजपुरते बोलायचे, तर या पाव लिटरच्या कितीतरी पट डिझेल आपण आजच, काहीही न मिसळता, वाया घालवतो.

कुठे, ते कळायला इथला रस्ता पाहावा लागतो. देवरूखहून संगमेश्वरला उतरा, साखरप्याकडे जा की मार्लेश्वरच्या अंगाला वळा. बाव, शास्त्री, काजळी या नद्यांच्या मुलखात सपाट रस्ता फार वेळ टिकत नाही. कोल्हापूर गाठायचे तर पुढे आंबा घाट आहेच. मालासकट तीन टनांची पिकअप पाचशे मीटर वर न्यायची धरली, तर नुसते वजन उचलायलाच सुमारे १५ मेगाज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात खरे, पण चाकांपर्यंत त्यातला तिसरा हिस्साच पोचतो. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी घेतली, तेव्हा कार्यक्षमता २६ टक्के भरली आणि वाफेच्या जमान्यात तो चमत्कार ठरला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत पिकअपचे इंजिन फार तर चाळिशीच्या आसपास पोचले आहे. तेव्हा त्या चढाला सव्वा लिटर जाणारच. बाटलीतले कुठलेही औषध ते टाळू शकत नाही. (डिझेलच्या नळीवर चुंबक बसवणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभरावर इंधनबचत उपकरणे तपासली, त्यांतल्या फारच थोड्यांतून काही निघाले, तेही किरकोळ.)

चढताना खर्ची घातलेली ऊर्जा उतारावर परत हाती येते, आणि खरा घोळ तिथे होतो. गाडी न्यूट्रल करून घाट उतरायचा म्हणजे डिझेल वाचते, ही समजूत पक्की आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर डिझेल देणेच थांबवतो; इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतेच. यावर जाणकार हरकत घेतील की अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते. हे खरे आहे, पण असा उतार घाटात नसतो. घाटात मुळात ब्रेक लावावा लागतो, म्हणजे ऊर्जा जास्तच झालेली असते. ती इंजिनाने खायची की ब्रेकने, एवढाच प्रश्न उरतो. ब्रेकने खाल्ली तर ड्रम तापतात आणि पकड सुटू लागते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही जाते. म्हणजे जीव धोक्यात घालून चार पैसे वाचवले, असेही म्हणता येत नाही; ते चार पैसेही वाचत नाहीत. उतारावरची बचत वळणाच्या आधी असते. पुढे वळण दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मग ब्रेक मारायचा, यात चढावर विकत घेतलेले डिझेल उधळले जाते.

रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून चालवणे हा असाच दुसरा प्रकार. हवा आरपार जाईल हा त्यामागचा तर्क वरवर पटतो. प्रत्यक्षात उघडा हौदा आणि बंद फाळका असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकते. फाळका पाडला की भोवरा मोडतो आणि विरोध घटत नाही. फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधणे त्यापेक्षा उपयोगाचे, पण तेही हायवेवरच. घाटातल्या तिशीच्या वेगात हवेला फारसे काम नसते. हायवेला ती काय करते पाहा: वेग ६० वरून ८० वर नेला की हवेचा विरोध पावणेदोनपटीहून अधिक होतो. उंच हौद्याच्या पिकअपला याची किंमत, माझ्या हिशेबाने, शंभर किलोमीटरला दोन लिटरच्या आसपास पडते. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे, आणि तो सल्ला भित्तिपत्रकातला म्हणून हसण्यावारी नेला जातो.

हळू चालवा म्हटले, की आंबा नवी मुंबईत वाशीच्या बाजारात पहाटे पोचला नाही तर भाव जातो, हे उत्तर ठरलेले आहे. तीनशे किलोमीटरला ६० आणि ८० यांत सव्वा तासाचा फरक पडतो, हे मान्य. पण तो सबंध वाट मोकळी मिळाली तर. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. जिथे पुढच्या वळणाला खड्डा नाहीतर डायव्हर्जन उभे, तिथे ८० गाठून हाती ब्रेक दाबणेच येते. तासभर आधी निघणे स्वस्त पडते.

वजनाचा मुद्दा मात्र वाटतो तितका सरळ नाही. जास्त माल भरला की किलोमीटरमागे डिझेल जास्त जाते, पण टनामागे कमी जाते, आणि ओव्हरलोड करणाऱ्याचा हा युक्तिवाद गणितात चूक नाही. तो फसतो पुढच्या फेरीला. जादा माल पेलावा म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांची संख्या वाढते, हौदा जाड लोखंडाचा होतो, पुढे गार्ड येतो, आणि हे दोन-अडीचशे किलो मग माल असो-नसो कायमचे घाट चढत राहतात. म्हणूनच लिटरला किती किलोमीटर हा आकडा मला अपुरा वाटतो. पेटीमागे किती डिझेल गेले, हे मोजले तर सगळ्यात मोठी गळती लगेच दिसते: रिकामी परतफेरी. कोल्हापूरहून भाजी घेऊन आलेली गाडी मोकळी वर जाते आणि हंगामात आंबा घेऊन गेलेली मोकळी खाली येते, तेव्हा पेटीमागचा खर्च दीडपटीच्या पलीकडे सहज जातो. टायरमधली हवा, एअर फिल्टर, वेळेवर ऑइल, हे सगळे करावेच, पण त्याने हा खड्डा बुजत नाही.

आणि हे सगळे करणार कोण? डिझेल मालकाचे असते, वेळ ड्रायव्हरचा. फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला वळणाआधी पाय उचलण्यात किंवा परतीच्या मालासाठी मार्केटात दोन तास थांबण्यात काहीच मिळत नाही. उलट त्याची पुढची फेरी बुडते. टाकी फुल ते टाकी फुल असा महिनाभराचा हिशेब लिहून, वाचलेल्या डिझेलच्या पैशांतला निम्मा वाटा त्याला दिला, तर पिकअपचे ॲव्हरेज कुठल्याही वर्कशॉपमध्ये न जाता सुधारेल. मालकांना हा उपाय महाग वाटतो. चुंबक त्यांना स्वस्त वाटतो.