टायरचे वय

कला शाखेच्या विद्यार्थ्याने टायरवर लेख लिहावा, हे वार्षिकांकाच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण आपल्यापैकी बरेच जण रोज सकाळी एस. टी.ने, काळी-पिवळीने किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलमागे बसून महाविद्यालयात येतात. त्या प्रवासात आपण आणि रस्ता यांच्यामध्ये प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढे रबर टेकलेले असते. तेवढ्यावर गाडी धावते, वळते आणि थांबते. तेव्हा त्या रबराची थोडी चौकशी करणे विषयाला सोडून होणार नाही.

आपल्याकडे अपघात झाला की पहिले वाक्य ऐकू येते, "टायर फुटला." हे वाक्य एकदा उच्चारले की पुढचे प्रश्न बंद होतात. टायर फुटणे म्हणजे वीज पडण्यासारखे. त्यात कोणाचा काय दोष? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तेव्हाही टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन खात्याच्या पाहणीत मात्र घटनास्थळी रबराचे तुकडे किंवा टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. म्हणजे टायर न फुटताही त्याच्यावर आळ येतो. उलट, जो खरोखर फुटतो तो बहुधा आधी पुष्कळ दिवस सूचना देत असतो. फक्त वाकून पाहणारे कोणी नसते.

टायर निकामी होण्याच्या दोन वाटा आहेत. एक झिजण्याची, दुसरी म्हातारे होण्याची. आपण पहिलीच ओळखतो.

झिजणे मोजण्याची सोय टायरमध्येच केलेली असते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. ते कोठे आहेत हे सापडावे म्हणून टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरे असतात. रबर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आले की टायरचे आयुष्य संपले. मोटारीच्या टायरमध्ये ही पातळी १.६ मिलिमीटर खोलीवर असते, म्हणजे जेमतेम एका नाण्याची जाडी. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर असते.

ही खाच कशासाठी? पकड येण्यासाठी, असे सर्वसाधारण उत्तर मिळते. ते अपुरे आहे. कोरड्या गुळगुळीत डांबरावर गोटा झालेला टायरसुद्धा चांगला धरतो. शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशी मुद्दाम बिनखाचेचे टायर लावतात. खाच असते ती पाण्यासाठी. चाकाखाली आलेले पाणी तिच्यातून बाजूला निघून जाते. तिला खोली उरली नाही की वेगात असलेले चाक पाण्याच्या थरावर चढते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही असून नसल्यासारखे होतात. म्हणूनच सगळा उन्हाळा गोटा टायरवर सुखरूप काढलेला चालक मृगाच्या पहिल्या पावसात राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात घसरतो. "काल तर काहीच झालं नव्हतं," असे तो म्हणतो ते अगदी खरे असते. काल रस्ता कोरडा होता.

झीज कोठे झाली आहे तेही पाहावे. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहते. मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त भरली जाते. एकच कड घासली असेल तर चाकाची दिशा चुकली आहे. अशा गाडीला नुसता नवा टायर घातला तर तोही तसाच जाईल.

आता दुसरी वाट. रबराच्या झाडाचा चीक कच्च्या स्थितीत उन्हाने चिकट आणि थंडीने ठिसूळ होतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगाने त्याला टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. परंतु हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता त्या साखळ्यांवर आपले काम चालूच ठेवतात. काही तुटतात, काही जास्त घट्ट बांधल्या जातात. रबर कडक होते आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. हे होण्यासाठी गाडी चालली पाहिजे असे मुळीच नाही. टायरच्या रबरात मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. चाक फिरताना दबते-सुटते तेव्हा तो पृष्ठभागावर येऊन ओझोनपासून बचाव करतो. जो टायर वर्षातून दहा महिने उभाच असतो त्याला हे संरक्षण नीट मिळत नाही.

आपल्या खेड्यांत हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे असे मला वाटते. एस. टी.ची गाडी रोज धावते. तिचा टायर म्हातारा होण्याआधीच झिजतो. हंगामापुरती निघणारी ट्रॉली, लग्नसराईत बाहेर पडणारी जीप, घरची जुनी मोटारसायकल यांचे तसे नसते. त्यांच्या टायरला हात लावून मालक अभिमानाने सांगतो, "खाच त पाय भाऊ, अजून शाबूत हाये." खाच शाबूत असते, रबर मेलेले असते. सोयाबीन सोंगायला माझी आई आणि गावातल्या बायका पहाटे परगावी जातात त्या अशाच गाडीतून, आणि त्या गाडीत माणसे किती असतात हे येथे लिहिण्याची गरज नाही. स्टेपनीचीही तीच कथा आहे. ती कधी झिजत नाही, म्हणून नवीच समजली जाते.

टायरचा जन्म कधी झाला हे त्याच्या अंगावर कोरलेले असते. बाजूच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा ३५ वा आठवडा. ही पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेलेली असते, त्यामुळे गाडीखाली डोके घालावे लागते. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी काढावा, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हात इतकी वाट पाहू नये असे माझे मत आहे. भिंतीवर फुगा आला असेल किंवा कापलेल्या जागी आतील दोरे अथवा तारा दिसत असतील तर वय आणि खाच दोन्ही विचारू नयेत. तो टायर त्याच दिवशी उतरवावा.

फुटण्याचे खरे कारण बहुधा उष्णता हे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरते, आणि टायरचा प्रत्येक भाग तितक्या वेळा दबून पुन्हा सरळ होतो. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच हे. हवा कमी आणि ओझे जास्त असेल तर वाकणे वाढते. त्यात रबर जुने असेल तर आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. गावच्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने वर्षानुवर्षे निभावलेला टायर मेहकरला समृद्धीवर चढून तासभर पळवला की फुटतो, त्याचा उलगडा येथे होतो. हवा नेहमी टायर थंड असताना पाहावी. तापल्यावर दाब आपोआप वाढलेला दिसतो.

नवे टायर महाग आहेत, हे मान्यच. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला चारही एकदम घेणे जमत नाही. झिजलेल्या टायरवर कारखान्यात नवा पट्टा चढवणे हा वाईट उपाय नाही, एस. टी. महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत हेच करून घेते. अट एवढीच की मूळ सांगाडा धड असावा आणि असा टायर बसच्या किंवा ट्रकच्या पुढच्या चाकाला लावू नये. भीती आहे ती दुसऱ्याच मालाची. गोटा टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून, वर काळे पॉलिश मारून तो विकला जातो. ट्रकच्या काही टायरमध्ये यासाठी मुद्दाम जाड रबर ठेवलेले असते. इतरांत ते पाते थेट आतल्या दोऱ्यांपर्यंत पोचते. असा टायर दिसायला सर्वांत देखणा असतो. तेव्हा जुना टायर विकत घेताना प्रथम ते चार आकडे वाचावेत. आपला स्वतःचा उतरवलेला टायर दुकानात सोडून येण्याऐवजी घरी आणावा. पत्र्यावर वजन म्हणून ठेवायला, गोठ्यात किंवा बैलगाडीला तो आणखी कितीतरी वर्षे चालतो. बैलाचा वेग त्याला सोसतो.