तूट भरून काढतो कोण ?

सरकारला आपण काय देतों, असा प्रश्न केला तर बहुतेक शेतकरी बंधू साऱ्याच्या पावतीकडे बोट दाखवितील. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, साऱ्याची रक्कमही किरकोळ. तेव्हां अंदाजपत्रकाची चर्चा व्यापाऱ्यांनीं व नोकरदारांनीं करावी, आपणांस तिचें काय, अशी समजूत सर्वत्र आढळते. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें. ही समजूत किती फसवी आहे, हें तेथें मला जवळून पाहावयास मिळालें.

सरकारपाशीं स्वतःचा असा पैसा नसतो. खर्च करावयाचा तो कर बसवून, कर्ज काढून अथवा नोटा छापून. कर डोळ्यांना दिसतो. डिझेल, औषधें व पाइप यांच्या किंमतींत लपलेला करही शोधल्यास सांपडतो. कर्ज हा उद्यांचा कर होय. नोटांची वाट मात्र सर्वांत फसवी. माल तेवढाच आणि नोटा अधिक, म्हणजे भाव चढतात व गांठीच्या रुपयाचें मोल उतरतें. या वसुलीस तलाठी लागत नाहीं, जप्तीची नोटीस लागत नाहीं, आणि कराचा कायदाही करावा लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, भाव चढले तर आमच्या धान्याचेही चढतील ! तेथेंच खरी मेख आहे. महागाईची ओरड झाली कीं सरकारचा हात प्रथम शेतमालाच्या भावावर पडतो. डिसेंबर १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. नाशिक-नगरच्या वाचकांस त्याविषयीं अधिक सांगणें नलगे. मजुरीचा भाव मात्र असा कोणी पाडीत नाहीं.

हा धोका आपल्या देशांत फार पूर्वीं सांगितला गेला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेंत ४,८०० कोटींच्या सरकारी खर्चापैकीं १,२०० कोटी रुपये तुटीच्या मार्गानें उभारावयाचे ठरलें. अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळांतील प्रा. बी. आर. शेणॉय यांनीं १९५५ सालींच आपलें भिन्न मत लिहून दिलें : बचतीवांचून केलेला एवढा खर्च महागाई आणील. त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. पुढें भाव चढले, आणि १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई पडली. त्याच १९५५ सालापासून सरकारची शिल्लक ठराविक मर्यादेखालीं गेली कीं रिझर्व्ह बँकेकडून हुंड्यांवर आपोआप पैसा मिळण्याची सोय झाली. ती १९९७ पर्यंत चालली. आपल्या सोसायटीनें अशी सोय एखाद्या सभासदास दिली असती तर त्याचें काय झालें असतें, याची कल्पना करावी.

२००३ च्या कायद्यानें तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर आणण्याचें ठरलें. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत ती ४.४ टक्के, म्हणजे सुमारें १५.६९ लक्ष कोटी रुपये धरली होती. खर्च ५०.६५ लक्ष कोटींचा, व त्यांत व्याजच १२.७६ लक्ष कोटींचें ! खर्चाचा चौथा हिस्सा व्याजांत जातो. जुन्या कर्जाचें व्याज भरण्यासाठीं नवें कर्ज काढणाऱ्या कुळाची स्थिति आपणांस ठाऊक आहेच.

खर्च फुगतो कसा, याचा एक अनुभव सांगतों. ३१ मार्चपर्यंत न खर्चिलेली मंजूर रक्कम परत जाते, म्हणून अखेरच्या आठवड्यांत कोषागारापुढें बिलांची रीघ लागे. मी होतों त्या एका कचेरींत अशाच घाईंत लोखंडी कपाटें आलीं. दप्तरखान्यांत जागा नव्हती. पावसाळाभर तीं पडवींत गंजलीं. त्यांचीं बिलें मींच लिहिलीं होतीं. दुसऱ्याचा पैसा दुसऱ्यासाठीं खर्च करणारा ना किंमत पाहतो ना उपयोग, असें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन सांगत असत. विहिरीवर पंप बसवितांना आपण चार दुकानें हिंडतों तें उगाच नव्हे.

आतां आपल्याच घराकडे वळूं. कर्जमाफी व खतावरील सूट हाही सरकारी खर्चच आहे. शरद जोशी यांनीं १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेंच सांगितलें कीं, सरकार एका हातानें जें देतें त्याहून अधिक भाव पाडून दुसऱ्या हातानें नेतें. बाजार मोकळा ठेवा, मग सूट नको. हें म्हणणें मला पटतें. तथापि सरकारनें कांहींच करूं नये, या टोकास मी जात नाहीं. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर मीं काम केलें आहे. अवर्षणाच्या वर्षीं त्या मजुरीवर कित्येक चुली पेटल्या. पण त्या योजनेसाठीं महाराष्ट्रानें १९७५ मध्यें व्यवसायकर बसविला होता. माझ्याही पगारांतून तो दरमहा कापला जाई. तो कशासाठीं, हें मला ठाऊक असे.

आपल्या संघाच्या वार्षिक सभेपुढें कर्जमाफीच्या मागणीचा ठराव येणार असल्याचें कळतें. त्यास मी दोन उपसूचना देणार आहें : निर्यातबंदी पुन्हा न घालण्याचें कायद्यानें बंधन असावें, ही मागणी प्रथम घालावी, आणि माफीची रक्कम कोणत्या करांतून यावी, हेंही ठरावांत लिहावें. सभासदांनीं विचार करून यावें, ही विनंति.